तळाच्या थरातल्या दरजा

बाबा, गावच्या वाचनालयाच्या स्मरणिकेत मी तुमच्याबद्दल चुकीचं लिहिलं. 'पोकळ ब्लॉकची पहिली भिंत माझ्या वडिलांनी मस्कतहून येऊन बांधली, पण ती वाळवंटातली रीत, आपल्या पावसात टिकली नाही,' असं ते वाक्य आहे. त्याचा पुढचा भाग खोटा आहे, आणि लिहिताना मला ते माहीत होतं.

मस्कतला तुमच्या जोडीचा मिस्त्री श्रीलंकेचा होता. त्याच्या गावीही समुद्राकडून आडवा पाऊस यायचा. भिंतीत पाणी शिरणारच, त्याला बाहेर पडायला वाट ठेव, असं त्याने तुम्हाला शिकवलं. म्हणून आत्याच्या घराची समुद्राकडची भिंत बांधताना तुम्ही तळाच्या थरात, बाहेरून, ठरावीक अंतरावर दोन ब्लॉकमधली बोटभर दरज सिमेंट न भरता मोकळी सोडलीत. मला सांगितलं नाहीत. मला शाळेच्या आधी तुम्ही ओळंबा धरायला शिकवलंत. दहाव्या वर्षी दरजा भरायचं काम माझ्याकडे होतं. एके दिवशी वरची एक दरज माझ्याकडून भरायची राहिली, तेव्हा तिच्यात थापीचं टोक घालून तुम्ही म्हणालात, "ही काय मुंग्यांना दार ठेवलंस?" सोडे निवडता निवडता आत्या हसली. दुसऱ्या दिवशी तुम्ही सिमेंट आणायला म्हसळ्याला गेलात आणि मी खालच्या सगळ्या दरजा भरल्या. एकूण एक. तुम्ही परतलात तोवर आत्याने भिंतीला बाहेरून लागून पावसाळ्याचं सरपण रचलं होतं, आणि तळाचा थर त्यामागे झाकला गेला होता.

श्रावणात भिंत आतून पाझरायला लागली. "दादा, तुझी ही मस्कतची सून आपल्या पावसात नांदायची न्हाय," आत्या म्हणाली. त्या रात्री आपल्या चुलीपाशी तुम्ही आईला सांगत होतात, "भोकं सोडली व्हती, तरी पाणी आत आलं. म्हंजे आपल्याकडं हे जमायचं न्हाय." तेव्हा मला त्या दरजांचा अर्थ कळला, आणि मी ताटातली भाकरी कुस्करत राहिले. मग बोर्लीहून दोघं तशाच भिंतींसाठी विचारायला आले. त्यांना तुम्ही जांभ्या दगडाच्या चिऱ्याचंच बांधा म्हणून परत पाठवलंत. ब्लॉकचा साचा विहिरीमागे गंजला. इतक्या लांबून आलेली रीत माझ्या हाताने थांबली, आणि तुम्ही शेवटपर्यंत समजत राहिलात की चूक तुमची.

आता मी न्हावा शेव्याला गोदामांच्या बांधकामावर देखरेख करते, दुसऱ्यांच्या भिंतींवर शेरे लिहिते. परवा आत्याचा फोन आला. "सोमवारी गडी येतायत. तुझ्या बापाची भित पाडतेच आता. किती वर्सं पुसायची?"

हे लिहिते आहे, कारण तिला सांगायला मी याआधी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परतले. येत्या रविवारी सकाळी, गडी यायच्या आदल्या दिवशी, छिन्नी आणि हातोडा घेऊन जाते. आधी आत्याला सांगेन, मग सरपण हलवेन.