चाळणीतून गळलेल्या शिंपल्यांबाबत

मी, अनार्गिरोस वेनियेरिस, वय एकोणऐंशी, राहणार कावोनिसी बेट, एजियन समुद्र, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी कान भरलेले नसताना हे लिहून ठेवतो. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे; ते रागात लिहिले होते.

१. राहते घर मुलगी असिमिना हिला.

२. होडी पुतण्या स्त्रातोस याला. नांगर मिळणार नाही. तो त्याने न विचारता नेला आणि समुद्रातच सोडून आला.

३. बंदरामागचे रान, ज्यात चार हजार वर्षांपूर्वीचा, खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचा उकिरडा आहे, तो खोदणाऱ्या संशोधक थेक्ला रूसू यांना. याचे कारण बत्तीस वर्षे लपवले, ते आता सांगतो.

त्या खोदकामात माती चाळणारा मीच होतो. प्रत्येक थरात मोठेच शिंपले सापडले. बाईंनी लिहिले, की इथले जुने लोक लहान शिंपले खडकावर राहू देत, म्हणून ते कधी संपले नाहीत. गावाने हे बंदरावरच्या दगडात कोरले. अंगठ्याच्या नखाहून लहान शिंपला काढायचा नाही, हा नियम तेव्हापासूनचा.

बारीक चाळणी चिखलाने बुजायची. मी पहिल्याच आठवड्यात घरची बदाम चाळायची, मोठ्या भोकांची चाळणी आणली.

"अनार्गिरोस, आज भलताच वेग आहे!" बाई म्हणाल्या.

"हात बसला, बाई."

लहान शिंपले असतील तर खाली गळून गेले. होते की नव्हतेच, मलाही ठाऊक नाही. बाई, तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. माफ करा.

असिमिनाला सांगितले, तर ती म्हणाली, "बाबा, कशाला उकरून काढता? गाव तोंडघशी पडेल."

"किंवा पडणार नाही. तुला बघावंसं नाही वाटत?"

"अजिबात नाही."

"आईवर गेलीस."

४. चाळून टाकलेली माती रानाच्या भिंतीलगत तशीच आहे. ती बारीक चाळणीने पुन्हा चाळावी. न खोदलेल्या कोपऱ्यातला अर्धाच भाग खोदावा, उरलेला पुढच्यांसाठी. त्यांना आपल्याला न सुचलेले प्रश्न पडतील.

५. लहान शिंपले ढिगाने निघाले, तर दगडावरचा मजकूर खोडून माझी चूक तिथे कोरावी. नियम मात्र मोडू नये. जुन्यांनी पाळला नसेल, तर तो आपण सुरू केला, आणि खडक आज भरलेले आहेत.

सही: अनार्गिरोस वेनियेरिस
साक्षीदार: पेलागिया काराव्हा, शिक्षिका
झानिस मेलिसिनोस, कॉफीवाला (गावात आधी बोलणार नाही, अशी शपथ घेऊन)
कावोनिसी, ९ ऑक्टोबर २०१९