दोन चादरी आन एक पातेलं

रेणुके,

नीटचा तिसरा निकाल लागल्यावर तू लातूरचं हॉस्टेल सोडून गेलीस, त्याला वर्ष झालं. फोन उचलत न्हाईस. मला घास गिळंना, म्हणून डॉक्टरनं समुपदेशनाला धाडलं.

तिथली मॅडम पोरसवदा. म्हणाली, आठवड्याला पन्नास मिनिटं बोलायचं, कधी जुनं, कधी आजचं. इथलं बाहेर जाणार न्हाई. जुनं म्हणून मी सांगितलं, नऊ वर्षांची होते तवा भूकंपात माय गेली.

"तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"दोन चादरी आन एक पातेलं," मी म्हणलं.

मग तिला उलगडून सांगितलं. मदतीच्या गाड्या यायच्या, आन पत्र्याच्या शेडात आम्ही एकमेकींना रोज हेच विचारायचो, आज काय वाटलं? दुसरं वाटणं मला कुणी विचारलंच नव्हतं. मी तरी तुला कुठं विचारलं? दर रविवारी एकच, टेस्टला मार्क किती?

मॅडम म्हणाली, लेकीला पत्र लिहा, पाठवू नका. न्हाईच पाठवत. वाचून तू विचारशील, आई, तुला काय वाटतं? आन मला अजून चादरीच आठवतेत.

तुझी आई