ल्युटेनबेकच्या मानचिन्हातली नाव

मी, इर्मट्राउट हिनरिक्स, वय ८१, धंदा शिवणकाम, राहणार ल्युटेनबेक, लिहून ठेवते की मी पूर्ण शुद्धीवर आहे आणि माझ्यावर कोणाचे दडपण नाही. नजर अधू झाली आहे, तरी अक्षर माझेच आहे.

१. घर आणि मागची सफरचंदाची झाडे भाची वीबके हिला द्यावीत.

२. शिवणयंत्र अग्निशमन दलातल्या बायकांना द्यावे. १९७९ साली गावाचा पहिला झेंडा मी याच यंत्रावर शिवला. हिरव्या कापडावर पांढरी होडी, आत वल्हे, माणूस नाही. माझा नवरा क्लास गावचा नावाडी होता. १९७६च्या पुरात लोकांना पैलतीरी पोचवताना तो बुडाला. होडी तेवढी सापडली.

३. धाकटा भाऊ एगर्ट थॉमसन, निवृत्त मुख्याध्यापक, यास काहीही देऊ नये. गावाचे मानचिन्ह, म्हणजे झेंड्यावरचे ते होडीचे चित्र, मी काढले. जिल्ह्याला पाठवताना त्याने खाली स्वतःचे नाव घातले. म्हणाला, "शिंपिणीचं चित्र म्हटल्यावर हसतील गं. एकदा मंजूर होऊ दे, मग सांगतो ना सगळ्यांना." बत्तीस वर्षे झाली. दर जत्रेत तो शाळेच्या मुलांना सांगतो की रिकामी होडी म्हणजे गावाचे मोकळे मन. मी केकची ताटली धरून ऐकते.

गेल्या सप्टेंबरात पंचायतीने वेशीवर त्याच्या नावाचा दगड बसवायचे ठरवले. मी त्याच्या घरी गेले.

"एगर्ट, आता तरी खरं सांग."

"आता? दगड कोरून झालाय, इर्मा. आणि तुला कमी काय आहे?"

"ती होडी क्लासची आहे."

तो चहा ढवळत राहिला. "क्लास आता आठवतोय कुणाला?"

मी कोट चढवून निघाले. त्यानंतर आमचे बोलणे नाही.

४. माझ्या शवपेटीवर गावाचा झेंडा घालू नये. सरपंच घेऊन आलेच, तर दारातूनच परत पाठवावे.

५. मानचिन्हाची मूळ चित्रे, माझ्या सहीसह व तारखेसह, कपाटात चादरींखाली आहेत. तीही वीबकेला द्यावीत. ती एगर्टची एकुलती मुलगी. बापावर तिचा फार जीव आहे, हे मला ठाऊक आहे. चित्रे पंचायतीत न्यायची की शेगडीत घालायची, तिचे तिने ठरवावे. इतकी वर्षे मी गप्प राहिले. आता तिने राहून बघावे.

सही: इर्मट्राउट हिनरिक्स
ल्युटेनबेक, १४ नोव्हेंबर २०११

बाईंनी आमच्यादेखत सही केली.
साक्षीदार: हेनिंग पाउलझेन, पाववाले
डॉ. उटे लोरेन्त्सेन