भिलाईचं तू कधीच सांगितलं नाहीस

माय, तू भिलाईला राहिली होतीस हे मला मागच्या महिन्यात कळलं. माझी पन्नाशी उलटून गेली आणि तुला जाऊन वीसेक वर्षं झाली. एवढी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की मी नागपूरला गेले तोवर आमची माय, माहेर सोडलं तर, अर्जुनीच्या बाजाराच्या पुढं कधी गेली नव्हती. नागपूरच्या मैत्रिणींना सांगितलं, लग्नानंतर नवऱ्याला सांगितलं, दवाखान्यात वॉर्डावर नवीन आलेल्या नर्स पोरी घाबरल्या की त्यांनाही हेच सांगायची, की बघा, माझ्या मायनं शहर पाहिलं नव्हतं तरी तिनं मला एकटीला पाठवलं. आता भांडी घासताना हात मध्येच थांबतो. पाणी वाहत राहतं आणि मी नळाकडं बघत मनात म्हणते, भिलाईला? माझी माय?

नवेगाव बांधचं आपलं स्वयंपाकघर मला आठवतं. मी नर्सिंगसाठी नागपूरला निघाले होते. होस्टेलात जागा मिळाली नव्हती, खोली शोधायची होती. गल्लीतल्या बाया येऊन येऊन सांगून जात होत्या, कोणाशी बोलू नको, कोणाचं खाऊ नको, अंधार पडायच्या आत दार लाव. तू बांधाच्या तळ्यातले मासे राखेनं घासत बसली होतीस. त्यांच्यापैकी एकीलाही तू हो म्हटलं नाहीस की नाही म्हटलं नाहीस. त्या गेल्या तेव्हा मान वर न करता बोलायला लागलीस.

"खोली पाहाले दिवसा जाय. ज्या घरच्या दोरीवर बायांचे लुगडे वाळून राहिले ते घर पाय. अन् कुलूप आपलं लाव. घरमालकाच्या कुलपाची दुसरी चाबी त्याच्याजवळच राहते."

मी हसले. तू हसली नाहीस. "वाट चुकली तं रस्त्यात उभी राहून इकडे-तिकडे पाहू नको. दुकानात घुस, सुई माग, मंग इचार. सुई मागनाऱ्या बाईले कोनी परकी समजत नाही. नळावर पहिले आठ-पंधरा दिवस मागं उभी राय. भांडू नको. मंग त्याच बाया तुही बालटी भरून ठेवतीन. रडू तं येनारच. रडून घे. पर रडता रडता काही ठरवू नको."

हे तुला कोणी सांगितलं, असं मला विचारावंसं वाटलं नाही. आया असं काहीबाही सांगतच असतात असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी तू अर्जुनीहून पितळेचं कुलूप आणलंस, जड, दोन चाव्यांचं, आणि दोन्ही चाव्या माझ्या हातात ठेवल्यास.

आणि मग तो दिवस, ज्याचा राग मी कितीतरी वर्षं धरून होते. नागपूरला जाऊन महिना झाला नसेल. सीनियर सिस्टर सगळ्यांसमोर ओरडली आणि मी तशीच बस पकडून घरी आले. बाबा म्हणाले, "राहू दे तिले घरी. साकोलीकडचं स्थळ चांगलं हाय, लग्न करून टाकू." तू मला भात आणि लाखोळीची डाळ वाढलीस. एक शब्द विचारला नाहीस. मला वाटलं, झालं, सुटले. सकाळी तू माझं पांघरूण ओढून काढतेस. "ऊठ. गाडी येऊन राहिली." मी म्हणते, आठ दिवस राहते ना माय, मग जाते. आणि तू अशी वळतेस माझ्याकडं, की मला तुझी भीती वाटते.

"आठ दिवस? कोनाचे आठ दिवस कधी संपत नाही. ऊठ म्हनली ना!"

बाबा अंगणातून काहीतरी बोलत होते, तू ऐकलं नाहीस. माझी पिशवी तूच उचललीस, तूच पुढं चालत सुटलीस, आणि बस आल्यावर मला आत अशी ढकललीस की माझा गुडघा पायरीवर आपटला. बस हलली तेव्हा मी खिडकीतून मागं पाहिलं. तू तोवर घराकडं वळली होतीस. मी मनात म्हटलं, सावत्र माय असती तरी थांबली असती.

आता मागच्या महिन्याचं सांगते. तुझ्या नातीला भिलाईत नोकरी लागली, एका खासगी दवाखान्यात, लॅब टेक्निशियनची. तिचे बाबा म्हणत होते की इथं आपल्या गोंदियात काय दवाखाने कमी आहेत. एक स्थळही आलं होतं. खरं सांगते, माझंही मन पुढं-मागं होत होतं. जायच्या आधी मामीच्या पाया पडून येऊ म्हणून आम्ही दोघी केशोरीला गेलो. तुझ्या माहेरी आता तेवढी मामीच उरली आहे. अंगणात ऊन खात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसली होती. दिसतं कमी, पण हात चालतात.

मीही शेंगा घेतल्या आणि सोलता सोलता पोरीला तुझंच सगळं सांगायला लागले. दोरीवरचे कपडे, कुलूप, सुई. मामी तोंडातल्या तोंडात हसत होती. "हे तिचंच. तिचंच हाय हे," म्हणाली. शेवटी मी माझं स्वतःचं एक वाक्य जोडलं. "आणि नाहीच करमलं तर आठ दिवसांसाठी घरी ये. मग बघू काय करायचं ते."

मामीचा हात थांबला.

"तसं नको सांगू पोट्टीले."

"काऊन मामी?"

"तुह्या मायले असंच बलावलं होतं. भिलाईहून."

मला वाटलं, म्हातारीचं काहीतरी भलतंच होऊन राहिलं. मी म्हटलं, "मामी, भिलाईला आमची ही जाऊन राहिली. माय नाही." मामीनं माझ्याकडं पाहिलं, मग पोरीकडं, आणि म्हणाली, "म्हंजे तिनं सांगतलनच नाही तुले?"

तिनं मग सांगितलं. धान निघालं की गावची माणसं कामाला बाहेर पडत. भिलाईत तेव्हा कामगारांसाठी घरं बांधणं चालू होतं. तू आपल्या आत्याबरोबर विटा वाहायला गेलीस, लग्न व्हायचं होतं तुझं. पावसाळ्यात धानाच्या रोवण्याच्या वेळी सगळे परत आले आणि तू आली नाहीस. एका डॉक्टरीणबाईच्या घरी कामाला लागलीस, मागच्या अंगाला खोली मिळाली, आणि तू राहिलीस.

"एकटी?" माझ्या पोरीनं विचारलं.

"एकटीच वो. माह्या लग्नाले आली होती. पायात चप्पल, हातात घड्याळ. मी नवरी होती, पर सारे तिलेच पाहून राहिले होते." मामी हसली, तिचं दात नसलेलं बोळकं मला दिसलं, आणि मला कळेना की ही कोणाबद्दल बोलते आहे. घड्याळ? तुझ्या हातात मी काचेच्या बांगड्यांशिवाय काही पाहिलं नाही. "लग्न झालं अन् गेली वापस. ते तुह्या आज्याच्या मनाले लय लागलं. लोकंही बोलत. दुसऱ्या साली तुह्या मामाले पाठवलन. सांग म्हने, माय बिमार हाय, आठ दिवसासाठी ये."

"आजीला काय झालं होतं?" मी विचारलं.

"कायची बिमार! तुही माय दारात आली तवा ती अंगनात धान कांडून राहिली होती."

कोंबडी शेंगांच्या सालींत चोच मारत होती आणि तिला हाकलायचं कोणाला सुचलं नाही.

"ती उभीच राह्यली," मामी म्हणाली. "मायले पाह्यलन. मंग म्हनली, मले उद्या जायचं हाय. आज्यानं तिले आत टाकून भायेरची कडी लावून घेतली. पेटी तिची तिथंच राह्यली, त्या डागदरीनबाईच्या घरी. कोनी आनली नाही. चैतात लगन लावून देल्लं." मग हातातली शेंग खाली ठेवून, "मले सारं मालूम होतं. मी नवी होती. पानी नेऊन देल्ली तिले, पर बोलली नाही."

माय, मला आजी आठवत होती. उन्हाळ्यात माझ्यासाठी मोहाचे लाडू बाजूला काढून ठेवणारी, मला कुशीत घेऊन झोपणारी आजी, आणि मुसळ हातात घेऊन धडधाकट उभी असलेली तीच आजी. या दोन बाया माझ्या डोक्यात अजून एका जागी बसत नाहीत. तू दर वर्षी भाऊबीजेला केशोरीला जायचीस. आजीचे पाय चेपायचीस. मी पाहिलं आहे.

"आणि बाबांना?" मी विचारलं.

"त्याले मालूम होतं. पोरगी शहरात राहून आली म्हनून लोकायनं आधीच सांगतलं होतं. लग्न झाल्यावर त्यानं येकदाच इचारलन म्हने, काय होतं वो तिथं? तं म्हनली, नळ होता. अन् मले कोनी ओळखत नव्हतं."

पोरगी खुदकन हसली. मग तिचं हसू थांबलं आणि ती खाली बघत शेंगा सोलायला लागली. मूठभर सोलून झाल्यावर म्हणाली, "मम्मी, मी आठ दिवसांसाठी येणार नाही. यायचं असलं की माझी मी येईन." मी मान हलवली. त्या स्थळाला नकार कळवायचा, हे मी तिथंच, मामीच्या अंगणात ठरवलं.

परतीच्या बसमध्ये मला एकेक आठवत गेलं. पुढं म्हातारपणी बाबा गोंदियाच्या दवाखान्यात होते तेव्हा तू कंपाउंडरशी खणखणीत हिंदीत भांडली होतीस. बाजारात शिकली असशील असं मी समजले. गोंदियात कोणाला हिंदी येत नाही? तुझं सगळं सांगणं मी एका घाबरट खेडवळ बाईचं सांगणं म्हणून ऐकलं होतं. तुला शहराची भीती कधी वाटलीच नव्हती का गं? आणि त्या सकाळी मी आठ दिवस म्हटलं तेव्हा तुला कोण दिसलं, मी की बाबा, की कडी लावणारा आजा? तू मला हाकलून दिलंस असं मी माझ्या पोरीलासुद्धा सांगितलं आहे, हसत हसत, कितीदा तरी.

मग मी तिला पोचवायला भिलाईला गेले. डोंगरगड गेलं, राजनांदगाव गेलं, आणि मी खिडकीतून पाहत होते की यातलं काय तू पाहिलं असशील. खोली चांगली मिळाली. घरमालकीण छत्तीसगढी बोलणारी, माझ्याच वयाची. "चिंता झन कर दीदी," म्हणाली, काळजी करू नको. मी तिला विचारलं की विटांच्या कामावरच्या बाया पूर्वी कुठं राहायच्या, डॉक्टर लोकांची जुनी घरं कुठं होती. तिला माहीत नव्हतं. रुंद रस्ते आहेत, मोठाली झाडं आहेत, एकासारखी एक घरं आहेत. एखाद्या घराच्या मागं लहान खोली दिसली की माझे पाय थबकायचे. मग पुढच्या घरामागंही तशीच खोली दिसायची. मी तुला शोधू शकले नाही, माय. पोरगी कामावर रुजू झाली. मी तिला फाटकापर्यंत सोडलं आणि ती आत गेली. मागं वळून पाहिलं नाही तिनं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

हे सगळं लिहून काढलं. तुला कुठं पाठवायचं, आणि घरात तरी कोणाला दाखवायचं? दाखवणार नाही, कारण पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. त्या दिवशी मी गोंदियाला परतणार होते. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये एक दिवस जास्त राहिले. टपरीवर एकटीनं इडली खाल्ली. एका बागेत बसले, मग दुसरीत. गोंदियात भाजी घ्यायला निघाले तरी चार जण सिस्टर, सिस्टर करतात, बी.पी. विचारतात, गोळी विचारतात. तिथं दिवसभर मला कोणी हाक मारली नाही. घरी फोन करून सांगितलं की गाडी चुकली. नवरा म्हणाला, होते असं, उद्या ये आरामात. पण गाडी चुकली नव्हती, माय. ती माझ्यासमोर फलाटावर उभी होती, डब्यात बसायला जागाही होती. मी चढले नाही.