पूजेबाहेरचा पाना

बाबा, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा फारशी बोलले नाही. विनाकारण बडबड तुम्हाला खपत नसे. आज कारण आहे, म्हणून लिहायला बसले.

खंडेनवमीची ती सकाळ आठवते. रामवाडीच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही पाट मांडलाय. फिटरची तेलकट हत्यारं चुलीजवळ कशाला, म्हणून आई कुरकुरतेय, आणि तुम्ही एकेक पाना, कानस, हातोडी घासूनपुसून ओळीने ठेवताय. मी हळदकुंकू वाहतेय. एक पाना पिशवीतच राहिलेला मला दिसतो. विसरलात असं वाटून मी मोठ्या शहाणपणाने तो काढते, पाटावर ठेवते आणि त्यालाही बोटभर कुंकू लावते. तुम्ही असे ओरडलात की माझ्या हातातली वाटी सांडली. "ठेव गो तो परत! पूजेतलं हत्यार उद्यापर्यंत उचलायचं नाय. आणि आज शिफ्टला बॉयलरचा नट ढिला झाला, तर काय आरती ओवाळू त्याला?" मी रडायला लागले, तेव्हा पान्यावरचं कुंकू पुसत तुम्ही जरा खालच्या आवाजात म्हणालात, "देव एक दिवस थांबतो गो. वाफ थांबत नाय." मग जेवून रोह्याची एसटी पकडायला निघून गेलात. शेजारचे तुम्हाला नास्तिक म्हणायचे. गणपतीत त्यांच्याच घरी सगळ्यांत मोठ्याने टाळ तुम्हीच कुटायचात, हे मात्र ते सोयीस्करपणे विसरायचे.

पुढे मी हेलिकॉप्टरच्या दुरुस्तीत शिरले. "आमची पोरगी पंखे दुरुस्त करते," असं तुम्ही सगळ्या पेणला सांगत फिरायचात. आमच्या कंपनीतही खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडतात, आणि दरवर्षी एक पाना मी बाहेर ठेवायचे. सगळे हसायचे. माझ्याबरोबर कामाला लागलेला तो रोह्याचा मुलगा तुम्हाला आठवत असेल. आपल्याकडे जेवायला यायचा, तुमच्याशी बेरिंगांवरून वाद घालायचा. "पोरगा बरा हाय," असं तुम्ही आईला म्हणाला होतात. मी दाराआडून ऐकलं होतं. ते लग्नापर्यंत गेलं नाही, पण इतक्या वर्षांत माझं म्हणावं असं माणूस तेवढंच होतं.

गेल्या खंडेनवमीला आई आजारी म्हणून मी रजेवर होते. त्याच दिवशी एका हेलिकॉप्टरची तपासणी रोह्याच्या त्या मुलाकडे होती. शेपटीच्या पंख्याचे बोल्ट एका खास पान्याने आवळून बघावे लागतात, तेव्हाच कळतं ते नीट बसलेत की नाही. पाना पूजेत होता. त्याने बोल्ट हाताने चाचपले, नजरेने पाहिले आणि तपासणी झाली म्हणून सही केली. दसऱ्याच्या सकाळी ते हेलिकॉप्टर खांब गावाजवळ पडलं. आधी शेपटीचा पंखा सुटला, मग ते गरगरत कापणीला आलेल्या भातात आलं. मी पेणला घरीच होते, म्हणून कंपनीतल्या सगळ्यांच्या आधी पोचले. पायलट एकटाच होता. शेतातल्या एका बाईने स्वतःची चादर त्याच्यावर घातली होती. मला म्हणाली, "पानी घेऊन धावलो गो आमी, पन त्याच्यात जीवच नव्हता."

संध्याकाळी रोह्याच्या त्या मुलाचा फोन आला. लहान मुलासारखा रडत होता. "पूजेतला पाना कसा उचलू गं? हात नाय झाला." हे त्याने मला सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही. चौकशीत मला विचारलं तेव्हा मी ते सांगितलं. पायलटची आई बाहेर बाकावर बसली होती. मला दुसरं काही सुचलंच नाही. त्याचं लायसन्स गेलं, नोकरी गेली. आता हँगरमध्ये मी आले की बोलणं थांबतं. चहाला कुणी हाक मारत नाही. आपल्यातल्या माणसाला हिनं बुडवलं, असं म्हणतात. तसं ते खोटंही नाही.

गेल्या रविवारी रोह्याला त्याच्या घरी गेले. त्याच्या आईने अर्धंच दार उघडलं. "तो नाय घरात," म्हणाली. आतून त्याचा खोकला ऐकू आला. आम्ही दोघींनी तो ऐकला. मी बरं म्हटलं आणि स्टँडवर येऊन बसले. एसटी लागली, सुटली, तरी मी बसूनच होते.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून सांगते. खरं बोलल्याचा मला पश्चात्ताप नाही, असं मी लोकांना सांगते, आणि ते खरंच आहे. पण बाबा, त्या संध्याकाळी त्याने मला फोन केला नसता तर बरं झालं असतं, असं रोज वाटतं. मला काही माहीतच नसतं. पायलट तर गेलाच असता, पण रोह्याच्या त्या दारात तो आला असता.