तुझा रिकामा वाफा

प्रिय यशोदे,

आज मेच्या रजेवर आलो. बोटीतून उतरलो, ट्रंक घेऊन घरी पोचलो आणि सवयीने आधी पायरीकडे पाहिलं. पायरीच्या दोन्ही अंगांना जमीन सपाट होती. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. दुसरं कोणाला सांगू?

बावीस वर्षं मी मुंबईहून वर्षातून दोनदाच येत होतो, मेमध्ये आणि चवथीला. मेमध्ये पायरीशी भुईचाफा असायचा, पानाशिवाय, मातीतून थेट वर आलेला. गणपतीला सोनटक्का. मला वाटायचं, आपल्या दारात बारा महिने फुलं असतात. काय हा शहाणपणा!

आठवतं, मी एकदा विलायती फुलांच्या बियांची पाकिटं आणली होती? तू ती डब्यात ठेवलीस, पेरली नाहीसच. मी चिडलो, तर म्हणालीस, "अवो, ती एका वर्षात मरान जातत. माका परत येणारी झाडां व्हयी." मी दोन दिवस अबोला धरला. तू त्या दोन्ही दिवशी माझ्या आवडीचं तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं केलंस. तेवढंही मला कळलं नाही.

कर्दळ तर तू पायरीशेजारच्या वाफ्यात शिरूच दिली नाहीस. "ती कधीव फुलता, कोणाकव फुलता," असं नाक मुरडून म्हणायचीस. मी हसायचो. खरं तर विचारायला हवं होतं, मग तुझी फुलं कोणासाठी?

तार मिळाली तेव्हा पौष होता. मी पोचेपर्यंत तुला नेलंसुद्धा होतं. पौषात मी आपलं घर कधी पाहिलंच नव्हतं गं. वाफ्यात एक हिरवं पान नाही, नुसता वाळक्या पानांचा पातेरा पसरलेला. मला वाटलं, तू आजारी पडलीस आणि झाडं मेली. रागही आला तुझा, आजार कळवला नाहीस म्हणून.

तेराव्याच्या पंगतीला दारापुढचं खळं अपुरं पडत होतं. मीच म्हणालो, हा वाफा खळ्यात घ्या. पातेरा जाळला, वर लाल माती ओतली, पाणी मारलं, आणि चोपणं हातात घेऊन मी स्वतः चोपायला लागलो. माणसं म्हणाली, "दादानू, पुरे." मी थांबलो नाही. ते दुःख कुठेतरी काढायचं होतं. मग शेणाने सारवलं. त्याच्यावर बसून गाव जेवला.

पंगत उठल्यावर शेजारची सुलोचना, तुझी मैत्रीण, पत्रावळी उचलता उचलता सारवलेल्या वाफ्याकडे बोट दाखवून म्हणाली,

"दादानू, ह्यां काय केलास? थंय तिच्या फुलांचे कांदे निजलेले हुते!"

मी म्हणालो, तिथे काही नव्हतं.

"आता पौषात दिसूचे नाय. तुमी मेच्या रजेक येतास म्हणान भुयचाफो, नि चवथीक येतास म्हणान सोनटक्को. निवडून लायलेली तिणा. मदी तिका कोणासाठी फुलां व्हयी?"

यशोदे, एकदा तरी सांगायचं होतंस! की मीच एखाद्या पौषात यायला हवं होतं? मला उत्तर माहीत आहे. म्हणूनच तुझ्यावर रागवतोय.

दुसऱ्याच दिवशी मी मुंबईला परतलो. लाज वाटली म्हणून गेलो.

आज पहार घेऊन खळं फोडलं. बहुतेक कांदे चेचून वाळून गेले होते. भुईचाफ्याचे दोनच घट्ट लागले. हातात धरून उभा राहिलो, तर कोणती बाजू वर हे मला कळेना. कुंपणावरून सुलोचनेला विचारलं. ती म्हणाली, "डोळो वर." तू कधीतरी तिला दिलेल्या सोनटक्क्याचा एक फुटवा तिने परत दिला. लावले. जगतील की नाही, तीही सांगत नाही.

एक सांगतो. यापुढे माझी रजा पौषात. फुलं असताना नाही, काहीच नसताना येईन. तुझ्या रिकाम्या वाफ्याशी पायरीवर बसेन, आणि कोणी त्यावर पाय ठेवायला आला तर म्हणेन, जरा बाजूने जा, इथे आहे.

तुझा,
"अवो"