तिसऱ्या टप्प्याच्या भिंतीची अट

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, धंद्याने वास्तुविशारद, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. असं सगळेच लिहितात, मला मात्र डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो आहे, कारण माझ्या धाकट्या भावाने किल्ल्याच्या विश्वस्तांना सांगितलं, “ताईला हल्ली काही समजत नाही.” मी त्याच्या शेजारीच बसले होते.

१. आमच्या दोघांच्या कचेरीतला माझा हिस्सा तिथे नकाशे काढणाऱ्या बाईंना द्यावा. भाऊ नाक मुरडेल, मुरडू दे. त्या दिवशी विश्वस्तांच्या बैठकीतून माझ्यामागोमाग उठून आल्या त्या याच बाई.

२. ओळंबा आणि मोजपट्ट्या आमच्या गवंडीदादांना. माझी चांगली छत्री भावाकडे आहे, तीही त्यांनी मागून घ्यावी.

३. आता किल्ल्याची बाग. ती उतारावर पाच टप्प्यांत बांधली आहे आणि प्रत्येक टप्प्याची माती एक दगडी भिंत अडवून धरते. वर जावं तसे टप्पे अरुंद आणि भिंती बुटक्या होतात, त्यामुळे खालून बाग आहे त्याहून उंच दिसते. बांधणाऱ्यांनी माणसाच्या डोळ्यांना फसवलं, पाण्याशी मात्र सरळ वागले. मुरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून भिंतींत भोकं ठेवली. त्या ओघळांचे डाग विश्वस्तांना फोटोत नको होते. तिसऱ्या भिंतीची भोकं बुजवा म्हणाले, मी साफ नाही म्हटलं. मग भावाने मला वेडी ठरवून काम पदरात पाडून घेतलं आणि ती सिमेंटने बंद केली. त्याला कळत नव्हतं म्हणावं, तर ती भोकं तारेने साफ करायला त्याला मीच शिकवलं होतं. परक्याने केलं असतं, तर भांडून मोकळी झाले असते. हे फार लागलं.

आता आत तुंबलेल्या पाण्याने त्या भिंतीला पोट आलं आहे, ती बाहेर फुगली आहे. खाली बाकांवर लोक बसतात. मी विश्वस्तांना पत्रं लिहिली, पण वेड्या बाईची पत्रं कोण वाचतो?

४. माझं राहतं घर भावालाच द्यावं. अट एकच: त्याच विश्वस्तांपुढे त्याने म्हणावं, “ताईचं डोकं ठिकाणावर होतं. मी खोटं बोललो.” मग तरी ते भिंतीकडे बघतील. त्याची जीभ रेटली नाही, तर घर विकून त्या पैशांतून भिंत दुरुस्त करावी.

५. भिंत माझ्या मरणापर्यंत थांबेल असं दिसत नाही, म्हणून याची एक प्रत आजच भावाला पाठवते आहे. अरे, मी जिवंत असताना ते म्हणालास, तर घर आजच घे. मी कुठेही भाड्याने राहीन.

सही : (स्वहस्ते)

साक्षीदार : १. दाखला देणारे डॉक्टर. २. बागेचे माळी, “भिंतीचं पोट मीही पाहिलं आहे” असं स्वतःच्या हाताने लिहून.

ठिकाण : राहतं घर. दिनांक : दाखल्यावर आहे तोच.